नृत्यवर्गाची नृत्यकंपनी होते तेव्हा

एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी न्यू जर्सीत बारा वर्षे कथकचे वर्ग घेते. आज माझ्याकडे ऐंशीच्या वर विद्यार्थिनी आहेत आणि वार्षिक कार्यक्रमाला सभागृह भरते. आता मला व्यावसायिक नृत्यकंपनी उभी करायची आहे. परदेशात ज्या थोड्या भारतीय शास्त्रीय नृत्यकंपन्या वाढल्या त्या कशामुळे वाढल्या, आणि मी सुरुवात कुठून करावी?”

पुण्यात कथक शिकून मी १९९८ साली अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात आले. आधी वर्ग आणि पुढे सहा नर्तकींची एक छोटी कंपनी चालवली. त्या अनुभवावर हे उत्तर लिहीत आहे.

तुमच्या प्रश्नातला “वाढ” हा शब्द आधी तपासून घेऊ. ऐंशीच्या दीडशे विद्यार्थिनी झाल्या आणि शेजारच्या दोन गावांत शाखा निघाल्या, तर वर्ग वाढला, आणि तो आनंदाचाच विषय आहे. पण वर्ग कितीही मोठा झाला तरी त्यातून आपोआप कंपनी निघत नाही, कारण दोन्हींत पैसा उलट दिशांनी वाहतो. वर्गात नाचणारी पैसे देते आणि कंपनीत नाचणारीला पैसे मिळतात. हा प्रवाह ज्या दिवशी फिरतो त्या दिवशी कंपनी सुरू होते, मग तिच्यात दोनच नर्तकी का असेनात. नाव, बोधचिन्ह, संकेतस्थळ आणि नोंदणी या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या आहेत.

मराठी वाचकाला हे पटायला फार वेळ लागू नये. “कंपनी” हा शब्द आपल्या रंगभूमीने शंभर वर्षांपूर्वीच आपलासा केला. १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणणारी किर्लोस्कर मंडळी असो की १९१३ साली स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी असो, तिथला नट पगारी होता. कंपनीचे बिऱ्हाड एकत्र असे, कंपनीच्या पंक्तीत जेवण होई आणि तालीम हे रोजचे काम असे. नर्तक उदयशंकरांनी पॅरिसमध्ये संच उभा केला तोही याच पद्धतीने. नर्तक आणि वादक एकाच घरात राहत, दिवसभर तालीम करत. १९३१ साली पॅरिसमध्ये त्यांचा पहिला मोठा प्रयोग झाला आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस सॉल ह्युरोक या व्यवस्थापकाने त्यांना अमेरिकेच्या दौऱ्यावर आणले. परदेशातील भारतीय नृत्याच्या इतिहासात हा संच पहिला मोठा मानला जातो. त्यामागे उदयशंकरांची प्रतिभा तर होतीच, पण तालमीच्या तासांची सोय लावलेली होती हेही तितकेच खरे आहे.

माझ्याकडे हा प्रवाह फिरला तो प्रसंग मला अजून स्वच्छ आठवतो. आठ वर्षे माझ्याकडे फी भरून शिकलेल्या एका मुलीला मी महिनाभराच्या तालमीचा धनादेश पाकिटात घालून दिला. दुसऱ्या दिवशी ती पाकीट परत घेऊन आली. आपल्या आईने भरलेली फी चुकून परत आली, असे तिला वाटले होते. हे तुझ्या तालमीचे मानधन आहे, असे सांगितल्यावर ती काही वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, “म्हणजे मला आता तालीम चुकवता येणार नाही का?” मी “नाही” म्हणाले. त्यानंतर ती एकदाही उशिरा आली नाही. त्याहून मोठा बदल माझ्यात झाला. तासाला पैसे मोजावे लागतात हे कळल्यावर मी तालमीला तयारी न करता जाणे बंद केले. पूर्वी रचना सुचेपर्यंत मुलींना अर्धा तास ताटकळत उभे ठेवण्यात मला काही गैर वाटत नसे.

आता हिशेब पाहा. समजा, साठ मिनिटांची एक नवी रचना आहे, सहा नर्तकी आहेत आणि तालमीचे शंभर तास आहेत. शंभर तास म्हणजे चैन नव्हे. समूहरचनेत सहा जणींची चक्करे एकाच क्षणी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची असतील तर तेवढे लागतातच. प्रत्येकीला तासाला २५ डॉलर धरले तर केवळ तालमीचे १५,००० डॉलर होतात. जागेचे भाडे तासाला ३० डॉलर धरले तर आणखी ३,००० झाले. वादक, वेशभूषा, प्रकाशयोजना आणि प्रवास यांची आकडेमोड अजून सुरूही झालेली नाही. एखाद्या नाट्यगृहाने प्रयोगाचे ६,००० डॉलर दिले तरी प्रयोगाच्या दिवसाचा खर्च वजा जाता हाती जे उरते, त्यातून ही भरपाई व्हायला बरेच प्रयोग लागतील. शास्त्रीय नृत्याची कंपनी तिकिटांवर जगत नाही. बॅले आणि आधुनिक नृत्याच्या कंपन्याही अनुदान आणि देणग्या धरूनच चालतात. त्यामुळे वर्गाच्या फीमधून उरलेल्या पैशांवर कंपनी चालवण्याचा विचार तुमच्या मनात असेल, तर पहिले एक वर्ष तसे करून पाहायला हरकत नाही. मात्र तिसऱ्या वर्षी तुमचा वर्ग आणि तुमची तब्येत दोन्ही थकलेली असतील. हे मी स्वतः भोगले आहे.

इथेच एक कायद्याची अडचण येते, आणि तिच्याबद्दल आपल्या लोकांत फारसे बोलले जात नाही. तुमच्या भागातल्या उत्तम तयारीच्या नर्तकी कोण आहेत, ते आठवून पाहा. त्यांतल्या कितीतरी जणी भारतात दहा-पंधरा वर्षे शिकून लग्नानंतर किंवा नोकरीनिमित्त इथे आलेल्या असतात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेली व्यक्ती ज्या मालकाने तिच्यासाठी अर्ज केला त्याच्याकडेच पगारी काम करू शकते. अशा व्यक्तीच्या एच-४ व्हिसावर असलेल्या पत्नीला स्वतंत्र परवान्याशिवाय मानधन घेता येत नाही, आणि तो परवाना २०१५ पासून मिळू लागला असला तरी सगळ्यांना मिळत नाही. मी स्वतः एच-४ वर आले होते आणि घुंगरं पेटीत ठेवून कित्येक वर्षे कागदपत्रांची वाट पाहिली. म्हणून कुणालाही कंपनीत घेण्याआधी तिच्या व्हिसाची चौकशी संकोच न बाळगता करा आणि स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्या. “नावापुरते विनामोबदला दाखवू” हा मार्ग तुम्हाला आणि तिलाही गोत्यात आणू शकतो.

कंपन्या कुठे वाढल्या, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच जणांना अनपेक्षित वाटते. भारतीयांची वस्ती जिथे दाट आहे तिथे वर्ग वाढतात. कंपनी वाढायला कलेला पैसा, जागा आणि प्रेक्षक मिळवून देणारी स्थानिक व्यवस्था लागते. रागमाला ही भरतनाट्यमची कंपनी मिनिआपोलिसमध्ये आहे, भारतीयांची दाट वस्ती असलेल्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये नाही. तिच्या संस्थापक रानी रामस्वामी १९७८ साली मिनेसोटात आल्या, तेव्हा तिथे भारतीय समाज लहान होता. भरतनाट्यमच्या नामवंत नर्तकी अलार्मेल वल्ली यांच्याकडे त्यांनी आणि त्यांच्या कन्येने तालीम घेतली आणि १९९२ साली कंपनी स्थापन झाली. त्या शहरात कलेला पाठबळ देणारी मॅकनाइटसारखी प्रतिष्ठाने होती, नव्या कामाला हात देणारी नाट्यगृहे होती, आणि कवी, संगीतकार व रंगकर्मी यांचा शेजार होता. पुढे २००८ साली मिनेसोटाच्या मतदारांनी विक्रीकरात तीन अष्टमांश टक्क्याची वाढ मतदानाने मंजूर केली. पंचवीस वर्षांसाठी लावलेल्या त्या कराचा जवळजवळ पाचवा हिस्सा कला आणि सांस्कृतिक वारशासाठी राखून ठेवलेला आहे. एखादी कंपनी वर्षानुवर्षे नर्तकींना मानधन देऊ शकते, त्यामागे असा मतदारांनी स्वतःवर लावून घेतलेला करसुद्धा असतो. हे लक्षात आले तेव्हा माझे स्वतःचे बरेच गैरसमज गळून पडले.

कॅलिफोर्नियात चित्रेश दास यांच्या कथकला वेगळा आधार मिळाला. १९७० साली ते अमेरिकेत आले आणि पुढच्या वर्षी सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांनी त्यांना आपल्या संगीत महाविद्यालयात शिकवायला बोलावले. तबला, सरोद आणि गायन जिथे रोज शिकवले जाते अशा ठिकाणी कथकचा वर्ग असणे ही नर्तकासाठी पर्वणीच असते. लेहरा (तालाचे आवर्तन दाखवणारी फिरती धून) धरणारा आणि पढंत (नृत्याचे बोल तोंडाने म्हणणे) समजणारा माणूस दाराशी असला की निम्मी लढाई जिंकलेली असते. लंडनच्या अक्रम खान यांची गोष्ट तिसरीच आहे. प्रताप पवार यांच्याकडे कथक शिकलेल्या अक्रम यांनी २००० साली कंपनी काढली ती एकट्याने काढली नाही. पूर्वी स्वतः नर्तक असलेले फारूक चौधरी निर्माता म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांच्याबरोबर होते. रचना एकाने सांभाळावी आणि करार, दौरे व पैसा दुसऱ्याने सांभाळावा, ही वाटणी त्यांनी आरंभीच केली. आपल्याकडे गुरूच अर्ज लिहितात, गुरूच सभागृह ठरवतात आणि अल्पोपाहाराची यादीही गुरूच करतात. माझ्या मते आपल्या बहुसंख्य कंपन्या खुरटण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. तुमच्या विद्यार्थिनींच्या पालकांत हिशेबाची आवड असलेली एखादी व्यक्ती नक्कीच असेल. तिला अर्धवेळ का होईना, पण पगार देऊन घ्या. दुसरी नर्तकी घेण्याआधी हे करा.

आता कामाबद्दल. परदेशी नाट्यगृहांना आवडावे म्हणून शास्त्रीय नृत्यात पाणी घालावे लागते, हे मला मान्य नाही. भरतनाट्यमच्या थोर नर्तकी बालासरस्वती १९६२ साली जेकब्ज पिलो या नृत्यमहोत्सवात नाचल्या तेव्हा त्यांनी आपल्या परंपरेतले एक अक्षर बदलले नव्हते, आणि अमेरिकेतल्या जाणकारांनी त्यांना डोक्यावर घेतले. सहयोग करावासा वाटला तर अवश्य करा, पण तो तुमच्या कलात्मक गरजेतून यावा. “काहीतरी फ्यूजन द्या” या मागणीला उत्तर म्हणून केलेल्या रचना दोन वर्षांत शिळ्या होतात; माझ्या दोन झाल्या आणि त्या मी पुन्हा कधी काढल्या नाहीत.

नृत्यात तडजोड करू नका. मात्र नाट्यगृहाच्या शिस्तीशी जुळवून घ्यावेच लागते, आणि ते शिकायला मला दहा वर्षे लागली. आमच्या पहिल्या मोठ्या प्रयोगाच्या तांत्रिक तालमीचा प्रसंग सांगते. रंगमंचावर काळे व्हिनाइल अंथरलेले होते, ज्याला तिथली मंडळी मार्ले म्हणतात. अनवाणी पाय त्यावर चिकटतो, चक्करे घेताना तळव्याची कातडी सोलून निघते, आणि तत्काराचा (पदाघातांचा) आवाज उशीवर थापट्या मारल्यासारखा येतो. आम्ही पायांत चाळ बांधून उभ्या राहिलो तेवढ्यात रंगमंच व्यवस्थापिका धावत आली, कारण पितळी घुंगरांच्या कडांनी व्हिनाइल ओरखडते आणि त्याची भरपाई आमच्याकडून घेतली जाईल, असे करारात लिहिलेले होते. करार मी वाचलाच नव्हता. मग व्हिनाइल गुंडाळून खालच्या लाकडी तक्तपोशीवर नाचायचे ठरले. त्या गडबडीत तासभर गेला आणि प्रकाशयोजनेचे निम्मे काम राहिले. तेव्हापासून आमच्या करारासोबत एक पान जोडलेले असते: खाली पोकळी असलेली लाकडी जमीन हवी, व्हिनाइल नको, जमिनीलगत ठेवायचे दोन चपटे मायक्रोफोन हवेत, वादकांसाठी रंगमंचाच्या उजवीकडे एक फूट उंचीचा चौथरा हवा.

त्याच दिवशी दुसरा धडा मिळाला. प्रकाशाचा बदल कधी करायचा, असे विचारल्यावर मी “तिहाई संपून सम आली की” असे सांगितले. तिहाई म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायचा बोलांचा तुकडा. कळा दाबणाऱ्या त्या बिचाऱ्या तंत्रज्ञाला तिहाई कशाशी खातात हे ठाऊक नव्हते, आणि आमची तिहाई फसवी होती. पहिल्या दोन आवर्तनांत ती संपल्यासारखी वाटे आणि खरी सम पुढे येई. त्याने दोनदा चुकीच्या जागी अंधार केला. आता आमच्या संचातली एक मुलगी त्याच्या शेजारी बसून पढंत म्हणते आणि हात वर करून इशारा देते. परंपरेची भाषा न जाणणाऱ्यांबरोबर आपल्याला रोज काम करायचे आहे. आपली सम त्यांच्या हाती नेमकेपणाने कशी पोचवावी, याचे तंत्र कंपनीला घडवावे लागते, आणि ते पदन्यासाइतकेच मेहनतीने घडवावे लागते.

संगीताबद्दल. जिवंत साथ परवडत नाही म्हणून ध्वनिमुद्रणावर नाचणे सुरुवातीला अटळ असेल, पण कथकमध्ये त्याची सवय लागू देऊ नका, कारण ध्वनिमुद्रण तुमच्या उपजेची, म्हणजे ऐनवेळी सुचलेल्या नाचाची, वाट पाहत नाही. भारतातून वादक बोलवायचे असतील तर पी-३ हा सांस्कृतिकदृष्ट्या वैशिष्ट्यपूर्ण कलाकारांसाठीचा व्हिसा असतो. त्याच्या अर्जाला संबंधित कामगार संघटनेचे मतपत्र जोडावे लागते. शिवाय परदेशी कलाकाराच्या मानधनातून ३० टक्के कर आधीच कापून घ्यावा लागतो. तो कमी व्हावा म्हणून करखात्याशी करार करता येतो, पण त्याचा अर्ज पहिल्या प्रयोगाच्या निदान ४५ दिवस आधी पोचायला हवा. हे माहीत नसल्यामुळे एका दौऱ्यात आमच्या तबलजींच्या हाती ठरल्यापेक्षा फार कमी रक्कम पडली. ते काही बोलले नाहीत, पण मला त्यांच्याकडे पाहवेना. माझा आजचा सल्ला असा की इथेच वाढलेल्या दोन-तीन तरुण वादकांना हेरा, त्यांना तालमीला बसवा आणि त्या तालमीचेही पैसे द्या.

नोंदणीचे काम वाटते तितके अवघड नाही. करसवलतीसाठी ५०१(सी)(३) दर्जाचा अर्ज करावा लागतो. वार्षिक जमा ५०,००० डॉलरच्या आत राहणार असेल तर छोटा अर्ज चालतो आणि त्याचे शुल्क २७५ डॉलर आहे. लगेच तेही नको असेल तर आधीच नोंदलेल्या एखाद्या संस्थेच्या छत्राखाली एक-दोन वर्षे देणग्या घेता येतात. विश्वस्त मंडळात पती, दीर आणि दोन मैत्रिणी एवढेच नसावेत. एक हिशेबनीस, एक वकील, आणि ज्यांचे मूल तुमच्याकडे शिकत नाही असे किमान दोघे जण हवेत. ज्यांचे मूल शिकते त्यांना समूहनृत्यात आपली मुलगी पुढच्या रांगेत का नाही, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. वर्ग आणि कंपनी यांची बँकखाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

अनुदानांबाबत एवढेच सांगते की एकाच दात्यावर विसंबू नका. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय कला निधीने आधी मंजूर केलेली अनेक अनुदाने अचानक रद्द केली. ज्या छोट्या संस्थांनी त्या पैशांवर तालमी आखल्या होत्या त्यांची अवस्था बिकट झाली. राज्याची कला परिषद, काउंटीचा निधी, दोन-तीन प्रतिष्ठाने आणि शंभर छोटे देणगीदार अशी मोळी बांधावी. दौऱ्यांसाठी न्यू इंग्लंड फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था १९९६ पासून राष्ट्रीय नृत्य प्रकल्प चालवते, आणि दर जानेवारीत न्यूयॉर्कला देशभरच्या नाट्यगृह-आयोजकांचे संमेलन भरते. तुम्ही न्यू जर्सीत आहात, म्हणजे रेल्वेने जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल. पहिल्या वर्षी काही विकायला जाऊ नका. नुसते फिरा, इतरांचे काम बघा आणि आयोजकांशी ओळखी करून घ्या.

सर्वांत नाजूक प्रश्न माणसांचा आहे. आपल्या वर्गातल्या मुली सतराव्या वर्षी रंगमंचप्रवेश करतात आणि अठराव्या वर्षी महाविद्यालयासाठी दूर जातात. दहा वर्षांची मेहनत विमानतळावर सोडून परत यावे लागते. तेव्हा कंपनीचा पाया किशोरवयीन विद्यार्थिनींवर घालू नका. पंचविशीच्या पुढच्या, नोकरी करणाऱ्या, बाळंतपणानंतर पुन्हा उभे राहू पाहणाऱ्या प्रौढ नर्तकी शोधा. त्यांच्यासाठी आठवड्यातून तीनदा सकाळी साडेसहाचा रियाज ठेवा आणि पाळणाघराचा खर्च अंदाजपत्रकात धरा. हा खर्च मी धरला तेव्हा विश्वस्त मंडळात एकाने हरकत घेतली होती. पण आमच्या सहांपैकी तीन जणी त्याच एका ओळीमुळे कंपनीत टिकल्या.

त्यांपैकी एकीला तिसऱ्या वर्षापासूनच रचना करायला द्या. सिंगापूरच्या अप्सराज आर्ट्स या भारतीय नृत्यसंस्थेची स्थापना सत्यलिंगम दांपत्याने १९७७ साली केली. नीला सत्यलिंगम यांच्या हयातीतच कलादिग्दर्शनाची धुरा शिष्य अरविंद कुमारस्वामी यांच्याकडे गेली आणि संस्था पुढे चालत राहिली. रागमालात आई आणि दोन मुली एकत्र रचना करतात. जिथे अखेरपर्यंत एकच व्यक्ती रचना करत राहते तिथे तिचा गुडघा दुखावला की कंपनी थांबते.

तुम्ही विचारलेल्या सुरुवातीबद्दल आता नेमके सांगते. येत्या सप्टेंबरपर्यंत दोन प्रौढ नर्तकी, एक तबलावादक आणि एक अर्धवेळ व्यवस्थापक ठरवा. वीस मिनिटांची एकच रचना घ्या. तिच्यासाठी तालमीचे चाळीस तास ठरवा आणि त्या सगळ्या तासांचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा. प्रयोग तुमच्या नेहमीच्या सभागृहात करू नका. शंभर-दीडशे खुर्च्यांचे, लाकडी जमिनीचे एखादे छोटे नाट्यगृह निवडा, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी तांत्रिक तालमीसाठी पूर्ण चार तास मागून घ्या. करार सही करण्याआधी जमिनीबद्दलचे कलम वाचा.